गालातली कापसाची काडी आणि सहावं गुणसूत्र

कॉलेजात अस्थिमज्जेच्या (हाडांच्या आतल्या, रक्तपेशी बनवणाऱ्या गराच्या) दात्यांच्या नोंदणीचं शिबिर लागलं की दोन टोकांच्या गोष्टी कानावर येतात. फलकावर ‘दोन मिनिटांत जीव वाचवा’ छापाची घोषणा, आणि कट्ट्यावर ‘मणक्यात सुई घालतात, माणूस कायमचा अधू होतो’ ही कुजबुज. दोन्ही चुकीचं आहे. त्या दिवशी फॉर्म भरून घेतात आणि गालाच्या आतून कापसाच्या काड्या फिरवतात, एवढंच. दान करायची वेळ आलीच तर ती पुढे कधीतरी. बहुतेकांवर येतही नाही. मणक्याचा तर संबंधच नाही.

त्या काडीला चिकटलेल्या पेशींतून जे वाचतात ते मला विलक्षण वाटतं. रक्तगट नव्हे. तो वेगळा असला तरी चालतो, आणि प्रत्यारोपणानंतर रुग्णाचा रक्तगट हळूहळू दात्याचा होतो! वाचायचे असतात ते सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरचे एचएलए जनुक; दाता आणि रुग्ण जुळतात का, ते यांवरून ठरतं. फ्रेंच डॉक्टर जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये या कुळातलं पहिलं प्रतिजन (प्रतिकारशक्तीला ओळखू येणारी पेशीवरची खूण) ओळखलं आणि १९८० च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

केंद्रक असलेली आपली जवळपास प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे करते आणि आठ-दहा अमिनो आम्लांचा एकेक तुकडा एचएलए रेणूच्या खाचेत बसवून बाहेरच्या पृष्ठभागावर ठेवते. खाणावळीने आत काय शिजलंय त्याचा नमुना दारात मांडावा, तसं. टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, फिरत फिरत हे नमुने तपासतात; विषाणूचा तुकडा दिसला की ती पेशी मारतात. खाचेतलं एखादं अमिनो आम्ल बदललं तरी तिथे बसू शकणारे तुकडे बदलतात. म्हणून समाजात जितक्या तऱ्हेच्या खाचा, तितकं एखाद्या जंतूला सगळ्यांना एकदम चकवणं अवघड. उत्क्रांतीने असे हजारो प्रकार जपले आहेत.

प्रत्यारोपणात मात्र हेच आडवं येतं. दात्याच्या मूलपेशींबरोबर (ज्यांपासून रक्तपेशी बनतात) त्याच्या टी पेशीही रुग्णाच्या शरीरात जातात. त्यांना रुग्णाच्या खाचा परक्या वाटल्या, तर त्या त्याच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर चालून जातात. म्हणून ए, बी, सी, डीआरबी१ आणि डीक्यूबी१ या पाच जागांवरचे, आईकडचे आणि वडिलांकडचे मिळून दहा प्रकार ताडून पाहतात.

हे जनुक एकमेकांना इतके लागून आहेत की बहुधा गठ्ठ्यानेच वारशात येतात. त्यामुळे सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि आईवडील सहसा अर्धेच जुळतात. अर्ध्या जुळणीवरही आता प्रत्यारोपणं होतात, पण पूर्ण जुळणारा अनोळखी दाता अजूनही हवाच असतो. आपल्याकडे शतकानुशतकं जातीतच लग्नं होत आली, म्हणून काही गठ्ठे ठरावीक समूहांत वारंवार दिसतात आणि युरोपीय लोकांत क्वचित. जगभरात ४ कोटींहून अधिक दाते नोंदलेले असताना भारतात ते काही लाखच आहेत. चेन्नईची ‘दात्री’ ही संस्था २००९ पासून दाते नोंदवण्याचं काम करते. यातून कुणी ‘आमचं रक्तच वेगळं’ असा अभिमान काढू नये: एकाच जातीतले दोन अनोळखी लोकही बहुतेकदा जुळत नाहीत.

जुळणी झालीच, तर हल्ली बहुधा पाच दिवस इंजेक्शनं देतात. त्याने मूलपेशी मज्जेतून रक्तात उतरतात, आणि काही तासांत यंत्र त्या वेगळ्या करून बाकी रक्त परत शरीरात सोडतं. त्या दिवसांत हाडं ठणकतात, डोकं दुखतं; मग थांबतं. कायमचा अशक्तपणा येतो ही भीती निराधार आहे. काही वेळा कमरेच्या हाडातून, भूल देऊन मज्जा घेतात.

दात्याला नकार द्यायचा हक्क शेवटपर्यंत असतो. पण प्रत्यारोपणाच्या आधी रुग्णाची स्वतःची मज्जा तीव्र औषधांनी बहुधा नष्ट केलेली असते. त्यानंतर घरच्यांच्या विरोधामुळे दाता आलाच नाही, तर रक्तपेशी बनवायला रुग्णाकडे काही उरलेलं नसतं. शिबिरातल्या टेबलावर सही घेण्याआधी हे सांगायला हवं, आणि आईवडिलांशी बोलायला विद्यार्थ्याला एक दिवस द्यायला हवा, मग त्या दिवशीचे फॉर्म निम्मे झाले तरी चालेल.