डबा काढला, आवाज वाढला, पण पिकअपचं काय?

"एअर फिल्टरचा डबा काढून फेक, पॉड फिल्टर लाव, इंजिन मोकळा श्वास घेतं आणि गाडी नुसती पळत सुटते." बाईकवाल्यांच्या गप्पांत हे कोणी ना कोणी म्हणतंच. (पॉड म्हणजे डब्याशिवाय लावायचा उघडा फिल्टर.) यातलं आवाजाचं अगदी खरं आहे, डबा काढला की गाडी गुरगुरायला लागते. पिकअपचं मात्र स्टॉक, म्हणजे कंपनीने दिलं तसंच असलेल्या इंजिनवर बहुतेक वेळा उलटंच होतं, आणि गंमत म्हणजे या दोन्ही गोष्टींच्या मागे तोच काळा प्लॅस्टिकचा डबा आहे, जो आपण अडगळ समजून काढतो.

आधी इंजिन हवा घेतं कसं ते बघू. ३५० सीसीचं, एका सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक इंजिन घ्या. ते दर दोन फेऱ्यांना एकदा हवा घेतं, म्हणजे ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेरे) सेकंदाला २५ वेळा हवा ओढतं, म्हणजे सिलिंडर पूर्ण भरतो असं धरलं तर सेकंदाला साधारण पावणेनऊ लिटर. पण ही सरासरी फसवी आहे, कारण चार स्ट्रोकपैकी जेमतेम एक-सव्वा स्ट्रोक इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी झडप, उघडा असतो आणि बाकी वेळ दार बंद. म्हणजे हवा सलग वाहत नाही, हिसक्या-हिसक्याने जाते, आणि त्या हिसक्यात तिचा वेग सरासरीच्या कितीतरी पट असतो. डबा हा त्या हिसक्यासाठी हाताशी ठेवलेला हवेचा साठा. हे झालं त्याचं साधं काम.

आता माझा आवडता भाग. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की ती घुमते ना, तिथे बाटलीच्या मानेतली हवा वजनासारखी वागते आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी, ते वजन त्या स्प्रिंगवर वरखाली नाचतं आणि एक ठरावीक सूर निघतो. १९व्या शतकात हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने असेच पोकळ गोळे वापरून आवाजातले सूर वेगळे करून ऐकले, म्हणून याला हेल्महोल्ट्झ रेझोनेटर म्हणतात. फिल्टरचा डबा म्हणजे डिट्टो हेच. डबा हे पोट, आणि त्याला हवा घ्यायला जी नळी असते, जिला स्नॉर्कल म्हणतात, ती मान.

सूर काढायचा हिशोब असा: मानेचं क्षेत्रफळ घ्या, त्याला डब्याचं आकारमान गुणिले मानेची लांबी याने भागा, वर्गमूळ काढा, ध्वनीच्या वेगाने म्हणजे सेकंदाला ३४३ मीटरने गुणा आणि २π ने भागा. डबा ५ लिटरचा, नळीचा व्यास साडेतीन सेंटीमीटर म्हणजे क्षेत्रफळ जवळपास १० चौरस सेंटीमीटर, आणि टोकांपाशी हलणारी थोडी हवा धरून लांबी २० सेंटीमीटर, एवढं घेतलं तर उत्तर येतं साधारण ५५ हर्ट्झ. आपल्या सिंगल सिलिंडरला सेकंदाला ५५ हिसके लागतात ते साडेसहा हजार आरपीएमला! म्हणजे इंजिन त्या पट्ट्यात आलं की मानेतली हवा त्याच्याच तालावर झोके घ्यायला लागते, आणि त्या झोक्याने डब्यातला दाब नेमका व्हॉल्व्ह मिटायच्या आधी वाढला तर सिलिंडरमध्ये थोडी जास्तीची हवा फुकटात भरली जाते. वेळ चुकली तर तोच झोका हवा कमी पण भरतो, म्हणून कंपनीचे इंजिनियर डबा, नळीचा व्यास आणि लांबी अशी निवडतात की रोजच्या वापरातल्या आरपीएमला जिथे टॉर्कचा, म्हणजे इंजिनच्या ओढीचा, खड्डा पडतो तो भरून निघावा.

आता स्नॉर्कल उपटा. भोक तेवढंच राहिलं, पण मान गेली. नुसत्या भोकाच्या आतबाहेरची थोडी हवा तरीही हलतेच, म्हणून लांबी शून्य न धरता ३ सेंटीमीटर धरायची. तोच हिशोब परत केला की उत्तर १४० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे जवळपास सतरा हजार आरपीएम. तिथवर हे इंजिन जन्मात जाणार नाही. फुकटची मदत अशा ठिकाणी नेऊन ठेवली जिथे ती घ्यायला कोणीच येत नाही. आणि पॉड फिल्टर लावला तर पोटही गेलं, मग सूर वगैरे विषयच संपला.

आवाज का वाढतो ते पण याच हिशोबात आहे. मान आणि पोट ही जोडी त्या सुराच्या खालची कंपनं बाहेर जाऊ देते आणि वरची अडवते, कारण भराभर हलवायला मानेतली हवा जड पडते. आपला कान ३०-४० हर्ट्झला बराच बहिरा आणि काही शे हर्ट्झला चांगला तिखट, आणि डबा नेमके ते काही शे हर्ट्झचे आवाज गिळत होता. डबा गेला की ते सगळे सुटतात. त्यात एक्सलेटर पिळला की थ्रॉटल उघडतो आणि व्हॉल्व्हकडून येणाऱ्या आवाजाला वाट मोकळी होते, म्हणजे मनगट फिरवलं त्याच क्षणी खालून डरकाळी येते आणि डोकं म्हणतं, गाडी पळाली! स्टॉपवॉचला तसं काही वाटत नाही.

मिक्स्चरचं, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचं, दुखणं वेगळंच. पेट्रोल पुरतं जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, जास्तीत जास्त ताकद मात्र थोड्या रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेल्या मिक्स्चरला, साडेबारा-तेरा पट हवेच्या आसपास मिळते. कार्बच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या) तोंडापाशी डब्यामुळे जो थोडा कमी दाब असतो तो धरूनच जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, ठरवलेले असतात, डबा काढला की गाडी लीन जाते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, मध्येच अडखळते, एक्सलेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट करते. मग पेट्रोल वाढवायला मेन जेट मोठा टाका, कार्बमधली सुई वर घ्या, सगळं आलं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर सावकाश चालवताना सांभाळून घेतो, पण फुल थ्रॉटलला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सहसा त्याचं ऐकत नाही, स्वतःच्या मॅपप्रमाणेच, म्हणजे आधीच भरलेल्या तक्त्याप्रमाणे, पेट्रोल देतो.

त्यात उघडा पॉड इंजिनच्या मागेच बसतो आणि तिथली तापलेली हवा ओढतो. हवा २० अंशांनी गरम झाली की तिची घनता ६-७ टक्क्यांनी उतरते, तेवढी ताकद तिथेच गेली. समोरून वारा घुसून दाब वाढतो म्हणाल, तर ताशी १०० किलोमीटरला तो फायदा फार तर अर्धा टक्का, ३०० ला कुठे ४ टक्के होतो. आणि पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून ॲव्हरेज वाढवणारे, इनटेकमध्ये हवा गोल फिरवणारे पंखे विकणारे, यांच्याबद्दल काय बोलायचं! पेट्रोलला चुंबकाचं काही पडलेलं नाही आणि तो पंखा हवेच्या वाटेत बसून उलट अडवतोच. विज्ञानाचं नाव लावलेले ताईत आहेत हे, बाकी काही नाही.

फिल्टर खरंच गळा आवळतोय का हे घरी मोजता येतं. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवायची, त्यात रंगीत पाणी भरायचं, एक टोक फिल्टरच्या पलीकडे म्हणजे इंजिनच्या बाजूला डब्यात खुपसायचं आणि दुसरं उघडं ठेवायचं. सिंगल सिलिंडरला पाणी थयथयाट करतं, म्हणून नळी एका जागी चिमटून बारीक करायची, मग पातळी स्थिरावते. मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटल द्यायचा आणि मागे बसलेल्याने दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक बघायचा. वातावरणाचा दाब म्हणजे पाण्याचा १० मीटरहून थोडा जास्त उंच खांब, तेव्हा समजा फरक १० सेंटीमीटर आला तर फिल्टर आणि स्नॉर्कल मिळून हवा फक्त १ टक्का अडवतायत. दोन्ही काढून हवेची वाट पूर्ण मोकळी केली तरी कमाई तेवढीच, वर झोक्याची मदत गेली ती वेगळी. फरक ३०-४० सेंटीमीटर आला तर आधी फिल्टर उघडून बघा, बहुतेक वेळा धुळीने माखलेला असतो आणि नवीन स्टॉक फिल्टरनेच काम होतं.

डबा खरोखर आड येतो ते कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) बदललेल्या, बोअर (सिलिंडरचा व्यास) मोठा केलेल्या, ट्रॅकवर सतत वरच्या आरपीएमला राहणाऱ्या इंजिनात. तिथे लोक डबा फेकून देत नाहीत, मोठा डबा आणि आखूड, रुंद मान लावतात, म्हणजे सूर पाहिजे त्या आरपीएमवर सरकतो, मग जेटिंग किंवा मॅप करून गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवतात.