कार ॲम्प्लिफायरची दुरुस्ती व चाचणी

मोटारगाडीतील ध्वनियंत्रणेची शक्ती वाढविण्यासाठी डिकीत किंवा सीटखाली जो स्वतंत्र ॲम्प्लिफायर बसवितात, त्यातील बिघाडाचे मूळ शोधणे, निकामी भाग बदलणे आणि गाडीत परत चढविण्यापूर्वी त्याला ठरावीक भारावर चालवून पाहणे, या तिन्ही गोष्टी या दुरुस्तीत मोडतात. तिसरी गोष्ट अनेकदा टाळली जाते आणि आठवड्याभरात तोच ॲम्प्लिफायर पुन्हा टेबलावर येण्याचे ते एक मोठे कारण असते.

घरगुती ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्याचा सराव असलेल्या कारागिरालाही येथे सुरुवातीला अडखळायला होते, कारण गाडीतील ॲम्प्लिफायरमध्ये ध्वनिमंडलाइतकेच वीजपुरवठ्याचे मंडल गुंतागुंतीचे असते. इंजिन चालू असताना गाडीचा विद्युतदाब १४.४ व्होल्टच्या आसपास असतो. एवढ्या दाबावर ४ ओहमच्या स्पीकरला थेट ब्रिज पद्धतीने (स्पीकरची दोन्ही टोके उलटसुलट चालवून) सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे २६ वॅट आणि प्रत्यक्षात २० वॅटच्या जवळपासच शक्ती देता येते. म्हणून मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये हा दाब आधी वाढवून घ्यावा लागतो. टीएल४९४ किंवा त्यासारखी नियंत्रक आयसी मॉसफेटच्या (स्विचसारखे काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) दोन गटांना आळीपाळीने चालू-बंद करते, जाड तारेने गुंडाळलेला कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर दाब वाढवितो आणि जलद डायोड व कपॅसिटर यांमधून अधिक व उणे असे दोन पुरवठे मिळतात. लहान नमुन्यांत ते २५ व्होल्टच्या आसपास, तर मोठ्यांत ६० व्होल्टपर्यंत असतात. अधिक ६० आणि उणे ६० यांमधील अंतर १२० व्होल्ट भरते, त्यामुळे ‘बारा व्होल्टचे तर काम’ म्हणून आत बेफिकिरीने हात घालणे अंगाशी येऊ शकते. कपॅसिटरमधील भार स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे, तर रोधामधून सावकाश उतरवावा.

ॲम्प्लिफायर उघडण्यापूर्वी गाडीतच तीन जागी मोजमाप घ्यावे लागते : बॅटरीकडून येणारी मुख्य तार, चॅसिसला जोडलेली अर्थ आणि प्लेयरकडून येणारी, ॲम्प्लिफायर चालू करण्याचा इशारा देणारी रिमोटची तार. अर्थच्या तारेच्या टोकाची धातूची कडी (लग) रंग न खरवडता पत्र्यावर आवळलेला असणे किंवा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल वापरलेली असणे, हे दोष बिघडलेल्या ॲम्प्लिफायरचेच सोंग घेतात. आवाज वाढविताच टर्मिनलवरचा दाब ११ व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर दोष बहुधा तारेत किंवा बॅटरीत असतो. स्पीकरही तपासावे लागतात. चांगल्या ४ ओहम स्पीकरचा रोध मल्टिमीटरवर ४ पेक्षा थोडा कमी दिसतो. तो फारच कमी असेल, स्पीकरची तार पत्र्याला घासून चॅसिसला लागत असेल किंवा न झेपणाऱ्या ॲम्प्लिफायरला दोन सबवूफर समांतर जोडून भार २ ओहमवर आणलेला असेल, तर आतला भाग उडण्याचे कारण बाहेरच सापडते.

टेबलावर आल्यानंतर बिघाडाच्या लक्षणांवरून दिशा ठरते. रिमोट न देता नुसती बॅटरी जोडताच फ्यूज उडत असेल, तर वीजपुरवठ्याचा मॉसफेट शॉर्ट झालेला असतो किंवा उलट्या जोडणीपासून संरक्षण देणारा डायोड गेलेला असतो. दोन्ही प्रकारांत बॅटरीच्या टर्मिनलांमध्ये मल्टिमीटर सारखेच शॉर्ट दाखवितो, म्हणून आधी तो एकटा डायोड सोडवून पाहणे सोयीचे ठरते. रिमोट दिल्यावर प्रोटेक्शनचा लाल दिवा लागत असेल, तर आउटपुट ट्रान्झिस्टरवर पहिला संशय घ्यावा. दोन्ही तारांवर दाब असूनही ॲम्प्लिफायर निपचित पडला असेल, तर टीएल४९४ च्या १२ क्रमांकाच्या पिनवर पुरवठा आणि १४ क्रमांकाच्या पिनवर ५ व्होल्ट आहेत का ते पाहतात. ते ठीक असतील आणि ४ क्रमांकाच्या पिनवर दाब चढलेला असेल, तर आयसी चांगली असून संरक्षक मंडलाने तिला रोखून धरले आहे, असा अर्थ होतो. अधूनमधून आवाज जाणे हे मात्र बहुधा ड्राय सोल्डरचे, म्हणजे सुटत आलेल्या डागाचे, लक्षण असते. गाडीच्या सततच्या थरथरीने आरसीए सॉकेट (ध्वनिसंकेत आत घेणारी खोबण) आणि स्पीकर टर्मिनल यांच्या मुळाशी डागाला बारीक गोल तडा जातो. अशा वेळी लाकडी काडीने बोर्डावर हलके टिचकावून पाहण्याची जुनी युक्ती महागड्या उपकरणापेक्षा लवकर उत्तर देते.

समांतर जोडलेल्या मॉसफेटपैकी एक शॉर्ट झाला की मंडलात मोजताना सगळेच शॉर्ट दिसतात, त्यामुळे ते सोडवून एकेक तपासावे लागतात. बदलताना मात्र दोन्ही गट पूर्ण, एकाच कंपनीचे आणि शक्यतो एकाच खेपेतले घालणे योग्य, कारण नव्याजुन्यांत प्रवाहाची वाटणी समान होत नाही. गेटचे (मॉसफेटला चालू-बंद करणाऱ्या टोकाचे) रोध आणि गेटना चालविणारे छोटे ट्रान्झिस्टर न तपासता नवे मॉसफेट घालणे म्हणजे ते पुन्हा उडविण्याची तयारी होय. दोन गट आळीपाळीने चालणाऱ्या या पुश-पुल रचनेत मॉसफेटवर पुरवठ्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे २९ व्होल्ट आणि त्यावर क्षणिक उसळ्या येतात, म्हणून ५५ व्होल्टचे आयआरएफझेड४४एन किंवा आयआरएफ३२०५ त्यात दिसतात. पहिल्याच्या जागी ‘अधिक दणकट’ म्हणून दुसरा बसविण्याचा मोह होतो. पण त्याच्या गेटची धारिता दुपटीहून जास्त असल्याने मूळच्या ड्रायव्हरला ती वेळेत भरता-उपसता येत नाही आणि मॉसफेट अकारण तापतात. सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली कारागिरांच्या परिचयाच्या आहेत. आउटपुटसाठी वापरल्या जाणाऱ्या २एससी५२०० आणि २एसए१९४३ या ट्रान्झिस्टरजोडीच्या नकला बाजारात फार असल्याने, कमालीच्या स्वस्त नगाकडे संशयाने पाहणेच शहाणपणाचे. बसविताना अभ्रकाची चकती आणि उष्णतावाहक पेस्ट नीट लावून ट्रान्झिस्टरचा धातूचा भाग हीटसिंकला विद्युतदृष्ट्या जोडला गेलेला नाही, हे मल्टिमीटरने पाहावे लागते.

दुरुस्तीनंतर पहिली वीज कधीही थेट बॅटरीतून देऊ नये. प्रवाहमर्यादा असलेला पॉवर सप्लाय नसल्यास ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब मालिकेत जोडला तरी भागते, कारण त्यातून ५ ॲम्पिअरहून कमी प्रवाह जातो. कपॅसिटर भरताना बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तो लख्ख पेटलेलाच राहिला तर शॉर्ट अजून शिल्लक आहे. शक्य तेथे आउटपुट ट्रान्झिस्टर न लावता आधी केवळ वीजपुरवठा चालवून अधिक-उणे दाब समान येतात का ते पाहतात. मग ट्रान्झिस्टर लावून, स्पीकर न जोडता, आउटपुटवरील एकदिश दाब मोजतात. तो काही दशक मिलिव्होल्टपेक्षा जास्त असेल तर स्पीकर जोडण्याची घाई करू नये.

क्षमतेची चाचणी हीटसिंकवर आवळलेल्या ४ ओहमच्या मोठ्या रोधावर घेतात. इनपुटला शुद्ध साइन तरंग देऊन ऑसिलोस्कोपवर तरंगाचे माथे सपाट होऊ लागण्याच्या किंचित आधी दाबाचे आरएमएस (प्रभावी) मूल्य मोजतात. त्याच्या वर्गाला रोधाने भागले की वॅट मिळतात. ४ ओहमवर २० व्होल्ट आले तर १०० वॅट. साध्या मल्टिमीटरने मोजायचे असल्यास ५० हर्ट्झचा तरंग घ्यावा, कारण जास्त वारंवारतेवर त्याचे आकडे भरवशाचे नसतात. अमेरिकेतील सीईए-२००६ (आता सीटीए-२००६) हे शक्ती मोजण्याचे मानक १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि विकृती १ टक्क्याच्या आत अशी अट घालते. खोक्यावर छापलेल्या पीएमपीओच्या, म्हणजे जाहिरातीपुरत्या क्षणिक कमाल शक्तीच्या, हजारो वॅटना अशी कोणतीही अट नसते. ॲम्प्लिफायरवर ३० ॲम्पिअरचे दोन फ्यूज असतील, तर १४.४ व्होल्टला तो ८६४ वॅट घेईल आणि ६० टक्के कार्यक्षमता धरली तर सुमारे ५१८ वॅट देईल. त्याच्या पाठीवर ३००० लिहिलेले असले तरी. शेवटी अर्धा तास मध्यम भारावर चालवून हीटसिंक सर्वत्र सारखा तापतो का, हे हाताने चाचपून पाहतात. एकच कोपरा चटका देत असेल, तर त्या वाहिनीचा बायस (ध्वनिसंकेत नसतानाही वाहणारा प्रवाह) बहुधा चढलेला असतो.