कळलं आणि कळल्यासारखं वाटलं

भाचीनं विचारलं, "मामा, ग्रहण दर पौर्णिमेला का नाही होत?" मी तिला थांब म्हणालो, फोनवर चॅटबॉटला तोच प्रश्न टाकला, आलेलं उत्तर वाचलं आणि दोन मिनिटांत परतलो. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे, त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या वरून नाहीतर खालून निसटतो. हे सगळं मी अगदी ऐटीत सांगितलं. तिनं मान डोलावली आणि पुढचा प्रश्न केला, "मग कधीकधी होतं, तेव्हा तो कल कुठे जातो?"

मी तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. उत्तरात हेही होतं, एवढं आठवत होतं. 'पातबिंदू' (चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेची पातळी ओलांडते ती जागा) हा शब्द आठवत होता, 'वर्षातून साधारण दोनदा' हेही आठवत होतं. पण त्या दोन टोकांच्या मध्ये काय होतं, ते माझ्याकडे नव्हतंच.

वाचताना एकदाही अडखळलो नव्हतो, प्रत्येक वाक्याला 'हो, बरोबर' असं मनातल्या मनात म्हणत गेलो होतो. कळल्यासारखं वाटलं होतं. कळणं ही निराळी गोष्ट आहे. या दोहोंत गल्लत होते, कारण आतून दोन्ही अगदी सारखीच जाणवतात. दुखऱ्या दाताला खोटं दुखणं जमत नाही, पण समजुतीला खोटं समाधान सहज जमतं.

ही गल्लत काही चॅटबॉटनं आणलेली नाही. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील या मानसशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये एक साधी युक्ती केली. झिप, फ्लश टँक, शिवणयंत्र अशा वस्तू कशा चालतात हे आपल्याला किती कळतं, याला लोकांना स्वतःच गुण द्यायला लावले. मग सांगितलं, आता पायरी पायरीनं लिहून दाखवा. लिहून झाल्यावर पुन्हा गुण मागितले, तर ते घसरले. झिप आपण रोज लावतो, ती डोळ्यांसमोर असते, त्यामुळे ती कळलेली आहे असं वाटतं. कागदावर उतरवायला बसलं की दाते एकमेकांत अडकतात कसे, इथेच गाडी थांबते.

वाचनाचंही तसंच. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्यानंतर चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 61. मला यातली सर्वांत बोचरी गोष्ट वेगळीच वाटते. आपल्या लक्षात किती राहील याचा अंदाज विचारला, तेव्हा चारही सत्रांत वाचणाऱ्यांनीच जास्त सांगितलं होतं. मजकूर ओळखीचा झाला होता आणि ओळखीलाच ते ज्ञान समजून बसले होते.

यंत्राचा संबंध इथे येतो. चॅटबॉटमागचं भाषेचं मॉडेल प्रचंड मजकुरावर शिकलेलं असतं आणि आत्तापर्यंतच्या शब्दांनंतर पुढचा तुकडा कोणता शोभेल, याचा हिशेब करत उत्तर रचतं. नंतरच्या शिकवणीत त्याला माणसांना आवडतील अशी उत्तरं द्यायला वळण लावलेलं असतं. त्यामुळे वाक्य सफाईदार येतं. ते बहुतेक वेळा खरंही असतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सफाई आणि सत्य यांची गाठ आत कुठेही पक्की बांधलेली नाही. खरं सांगताना जो स्वर असतो, बहुतेकदा तोच चुकीचं सांगतानाही असतो.

माणसाचं तसं नसतं. ज्याला नीट माहीत नाही तो चाचरतो, 'म्हणजे काय की' करतो, विषय बदलतो. समोरच्याचं पाणी जोखायला आपण आयुष्यभर याच खुणा वापरत आलो. (काही लोक चाचरत नाहीत आणि त्यांची चलतीही असते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) चॅटबॉटपुढे आपलं हे मोजमाप निकामी ठरतं. न्यूयॉर्कमध्ये 2023 मध्ये एका विमान कंपनीवरच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले जुने निवाडे न्यायालयात सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. यातल्या एका वकिलानं 'हे खरे आहेत ना?' असं चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, आणि त्यानं हो म्हटलं होतं. 5000 डॉलर दंड झाला. या वकिलाकडे तीस वर्षांचा अनुभव होता. निवाडे दिसायला निवाड्यांसारखे होते, एवढ्यावर ती अनुभवी नजर निर्धास्त झाली.

म्हणजे यंत्राची मर्यादा आणि आपली मर्यादा नेमकी एकाच जागी येऊन भेटतात. ते सफाईदार रचतं, आपण सफाईला समज मानतो.

यावर ठरलेलं उत्तर असतं की कॅल्क्युलेटर आला तेव्हाही अशीच ओरड झाली होती. खरं आहे, झाली होती. पण कॅल्क्युलेटरला आकडे द्यायचे तर भागायचं की गुणायचं हे आधी आपल्यालाच ठरवावं लागतं. तो आकडेमोड करतो, मांडणी आपली. चॅटबॉट मांडणी, आकडेमोड आणि वर स्पष्टीकरणसुद्धा आयतं आपल्या हातात ठेवतो. आणि 'मला कळलं' ही भावना मुख्यतः स्पष्टीकरणातूनच येते.

तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला गणिताचा प्रयोग 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. सरावाच्या वेळी एका गटाला साधा चॅटबॉट दिला, दुसऱ्याला असा चॅटबॉट, जो थेट उत्तर न देता शिक्षकांनी ठरवलेल्या धर्तीवर इशारे देई. तिसऱ्याकडे नुसती पुस्तकं आणि वह्या. सरावात पहिल्या गटाचे गुण पुस्तकवाल्यांपेक्षा 48 टक्क्यांनी वाढले, दुसऱ्याचे 127 टक्क्यांनी. मग परीक्षा झाली आणि यंत्र काढून घेतलं. साधा चॅटबॉट वापरणारे पुस्तकवाल्यांपेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडले. इशारेवाल्या गटाचं असं नुकसान जवळजवळ झालंच नाही. आणि मागे पडलेल्यांना आपण कमी शिकलो असं वाटलंच नव्हतं! यंत्र तेच होतं. पेन्सिल कोणाच्या हातात राहिली, हा मोठा फरक.

आधीच कमावलेलं कौशल्यही यातून सुटतं असं नाही. पोलंडमध्ये आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणारे अनुभवी डॉक्टर गाठी ओळखून दाखवणाऱ्या एआय यंत्राच्या साथीनं काम करू लागले, त्यानंतर यंत्राविना केलेल्या तपासण्यांत धोक्याच्या गाठी सापडण्याचं प्रमाण 28.4 टक्क्यांवरून 22.4 वर आलं होतं. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे सगळं खापर यंत्रावर फोडता येणार नाही. तरी आकडा डोळ्यांआड करण्यासारखा नाही.

सगळंच कळायला हवं असा माझा हट्ट मुळीच नाही. सरकारी पत्राचा मसुदा, परक्या भाषेतली सूचना, किचकट फॉर्म, यांत कळल्यासारखं वाटलं तरी पुष्कळ झालं. काम झालं की विसरायचंच असतं. अडचण येते ती पुढच्या प्रश्नाला. जिथे पुढचा प्रश्न येणार आहे, तिथे मी आता एक करतो. उत्तर वाचतो, फोन पालथा घालतो आणि तेच दुसऱ्या कोणाला तरी सांगायला लागतो. कोणी नसेल तर भिंतीला. अडखळलो तिथे खूण. मग यंत्राला फक्त तेवढंच विचारतो, आणि तेही 'उत्तर सांगू नकोस, माझं कुठे चुकतंय ते सांग' असं बजावून.

ग्रहणाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी टेबलावर मधोमध दिवा ठेवला, हातात एक ताटली तिरकी धरली आणि तिच्या कडेवरून छोटा चेंडू फिरवू लागलो. ताटलीचं केंद्र ही पृथ्वी, चेंडू हा चंद्र. दिव्याकडे तोंड करून टेबलाभोवती पूर्ण फेरी मारली. ग्रहण एकदाही होईना. चेंडू दर वेळी सावलीच्या वरूनच जाई. दुसरी फेरी मारली, तेच. शेवटी भाची म्हणाली, "मामा, तू ताटलीपण फिरवतोयस."

खरंच की. मी वळत होतो तशी ताटलीही माझ्याबरोबर वळत होती. चंद्राच्या कक्षेचा कल असा पृथ्वीबरोबर वळत नाही, त्याची दिशा वर्षभर जवळजवळ तीच राहते. मग तिनं ताटली हातात घेतली, तिची खालची कड सतत खिडकीच्या दिशेला ठेवली आणि हळूहळू टेबलाभोवती चालू लागली. पाव फेरीत चेंडू सावलीच्या वरून गेला. मग एका जागी थेट सावलीत शिरला. टेबलाच्या बरोबर पलीकडे गेल्यावर पुन्हा एकदा.

"दोनदा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता तिसरी फेरी सुरू केली.