लेस्तार्तित की काबो दे पालोस?
स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंगसाठी जाऊ इच्छिणाऱ्यांना ही दोन नावे हमखास सुचवली जातात. मासेमारीवर वाढलेले छोटे गाव, समोर निर्जन खडकाळ बेटे आणि त्यांभोवती संरक्षित समुद्र, असे दोन्हींचे वर्णन एकसारखेच असल्यामुळे कोणतेही निवडले तरी चालेल, असा समज होतो. प्रत्यक्षात लेस्तार्तित ईशान्येला कातालोनियात, तर काबो दे पालोस आग्नेयेला कार्ताहेना शहराच्या हद्दीत आहे, आणि दोन्हींमध्ये पाचशेहून अधिक किलोमीटरांचे अंतर आहे.

लेस्तार्तितसमोरची सात मेदेस बेटे किनाऱ्यापासून जेमतेम एका किलोमीटरवर आहेत. त्यांच्या चुनखडीच्या खडकात पाण्याखाली गुहा आणि आरपार बोगदे आहेत. येथे 1983 पासून मासेमारीला बंदी असल्याने गोब्र्याच्या कुळातले मोठे मासे माणसाला फारसे बिचकत नाहीत. आडोशाच्या उथळ जागाही असल्यामुळे नवशिक्यांना हे ठिकाण सोयीचे आहे. गाव मात्र आता बहुतांशी पर्यटनावर चालते.

काबो दे पालोसचे संरक्षण 1995 मधले असून त्याची रीत वेगळी आहे: ओर्मिगास बेटांभोवती मासेमारी पूर्ण बंद आहे, पण उरलेल्या राखीव भागात स्थानिक लहान होड्यांना पारंपरिक पद्धतीने मासे धरता येतात. कोळ्यांचे गाव पाहायचे असेल, तर माझ्या मते हेच खरे. माशांच्या रश्शात शिजवलेला आणि माशांपासून वेगळा वाढला जाणारा ‘काल्देरो’ हा भात येथे अवश्य खावा. येथील समुद्र मात्र अवघड आहे. खोल तळापासून थेट पृष्ठभागाजवळ येणाऱ्या खडकांवर प्रवाह जोरदार असतो. अशाच एका खडकावर 4 ऑगस्ट 1906 रोजी जेनोवाहून दक्षिण अमेरिकेकडे स्थलांतरितांना घेऊन निघालेले ‘सिरिओ’ जहाज आदळले. शेकडो माणसे बुडाली. अनेकांना वाचवले ते येथल्या कोळ्यांनी आपल्या बोटी घालून. त्या जहाजाचे अवशेष आजही तळाशी विखुरलेले आहेत.

मालवण-तारकर्लीला प्रशिक्षकाने धरून नेलेली डुबकी म्हणजे डायव्हरचे प्रमाणपत्र नव्हे. स्पेनमध्ये स्वतंत्र डायव्हरकडे प्रमाणपत्र आणि विमा दोन्ही मागतात. ज्याने ते नुकतेच मिळवले आहे, त्याने आधी लेस्तार्तितला जावे आणि प्रवाहात उतरण्याचा सराव झाल्यावरच काबो दे पालोसची बोट ठरवावी.