ऑपरेशननंतरची तपासणी एवढी साधी का?

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून परळहून चिपळूण-कणकवलीकडे परतलेल्या बाईला घरचे हमखास विचारतात, "नुसतं हाताने तपासलं? सगळ्या अंगाचा स्कॅन नाही केला?" शंका रास्त आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकन सर्जन हाल्स्टेड छातीच्या स्नायूंसकट स्तन काढत. जास्त कापलं की आजार परतणार नाही, ही समजूत. तरी तो हाडांत, यकृतात परतत राहिला. मग १९७० च्या दशकात अमेरिकेत फिशर आणि इटलीत मिलानमध्ये व्हेरोनेसी या सर्जननी स्तन राखून फक्त गाठ काढून पाहिली. २००२ साली २० वर्षांचे निकाल आले: आयुर्मानात फरक नाही. मात्र फिशर यांच्या चाचणीत त्याच स्तनात गाठ परतण्याचं प्रमाण रेडिएशनविना ३९ टक्के, रेडिएशन घेतल्यावर १४. म्हणून भातलावणी आली तरी रेडिएशन अर्धवट टाकून गावी येऊ नये.

स्कॅनचं उत्तर १९९४ सालच्या दोन इटालियन चाचण्यांत आहे. काही बायकांचे छातीचे एक्स-रे, हाडांचे स्कॅन ठराविक काळाने केले; बाकीच्यांची डॉक्टरी तपासणी आणि मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. पाच वर्षांनी जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. एका चाचणीत दूर पसरलेला आजार थोडा आधी दिसला, एवढंच. त्यामुळे त्रास नसताना सगळ्या अंगाच्या पेट (PET) स्कॅनसाठी दागिने गहाण ठेवू नका.

पहिली तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी, पुढची दोन ६ ते १२ महिन्यांनी, मग वर्षातून एकदा तपासणी, मॅमोग्राफी दरवर्षी. पाच वर्षं झाली म्हणजे सुटलो, असं नाही. हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे स्त्री-हार्मोनवर वाढणाऱ्या, आजाराचा मोठा अभ्यास २०१७ साली आला. गाठ २ सेंटिमीटरपर्यंत, काखेत आजार पोचलेला नाही, पाच वर्षं हार्मोन रोखणाऱ्या गोळ्याही घेतलेल्या. तरी विसाव्या वर्षापर्यंत १३ टक्के बायकांत आजार दूरच्या अवयवात परतला. टॅमोक्सिफेन ही अशीच गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद करणं ही आम्हाला सगळ्यात जास्त खुपणारी चूक. पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेलं, तर गोळी आपणहून न सोडता डॉक्टरांना गाठा.

व्रणावर किंवा काखेत गाठ, दोन-तीन आठवडे न थांबणारं हाडाचं दुखणं, धाप, सुका खोकला: पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

काखेतल्या लसीका गाठी (लिम्फ नोड) काढल्या असतील तर त्या हाताला जपा. काजूचा चीक लागून कातडी भाजली, मासे साफ करताना काटा रुतला, की जंतुसंसर्ग होऊन हात सुजू शकतो. काजू सोलताना हातमोजे घाला. हात लाल, गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना.