खिळ्यांचा हिशेब आणि बदललेला भागाकार

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसे नुकती झोपली होती तेव्हा, किल्लारीचा भूकंप झाला. वेगवेगळ्या मोजणीनुसार आठ ते दहा हजार माणसे गेली. नंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना काही घरांत एक विचित्र दृश्य दिसले. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती ढासळल्या होत्या, आणि आतले लाकडी खांब व तुळया मात्र माळवद डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. ज्यांच्या घरात छताचे वजन लाकडावर होते त्यांच्या अंगावर निदान छत तरी आले नाही. जिथे ते सरळ दगडी भिंतीवर टेकवलेले होते तिथे भिंत गेली की सगळेच खाली.

म्हणून लाकूड भूकंपात चांगले, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. हे अर्धेच खरे आहे. आपल्या खणाच्या घरात उभा खांब आणि आडवी तुळई असते. तुळई खांबावर बसवलेली, फार तर खाचेत अडकवलेली. वरून येणारा भार हा सांगाडा पिढ्यान्‌पिढ्या पेलतो, पण बाजूने धक्का बसला की चौकोनाचा पतंग होतो. मागचा प्लाय काढलेले कपाट डावी-उजवीकडे झुलते, ते याच कारणाने. किल्लारीनंतर जुन्या घरांच्या मजबुतीकरणात खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरका आधार ठोकण्याची शिफारस झाली, ती हे झुलणे थांबवण्यासाठी.

अमेरिका आणि कॅनडातल्या बहुतेक घरांमध्ये हे झुलणे वेगळ्या रीतीने थांबवतात. तिथे साधारण ४० किंवा ६० सेंटिमीटरवर एक अशी बारीक उभी लाकडे लावतात, वर-खाली आडवी लाकडे, आणि त्या चौकटीवर सुमारे १२ मिलिमीटर जाडीचा प्लाय किंवा लाकडी चकत्या दाबून केलेला तक्ता खिळ्यांनी ठोकतात. झाली शिअर वॉल, म्हणजे बाजूने येणारा वाऱ्याचा किंवा भूकंपाचा रेटा पायापर्यंत पोचवणारी भिंत.

दिसायला किरकोळ अशी ही भिंत घर धरून ठेवते, त्याचे पहिले कारण तिचे आणि तिच्यावरच्या छताचे वजन. भूकंपाचा रेटा वजनाच्या प्रमाणात असतो. चार बाय पाच मीटरच्या खोलीवर दोन फूट जाडीचे मातीचे माळवद असेल तर ते एकटेच वीस टनांच्या आसपास भरते. त्याच खोलीवर लाकूड-पत्र्याचे हलके छत असेल तर फार तर दोन टन. भारताच्या भूकंप मानकात, आयएस १८९३मध्ये, किल्लारीचा भाग २००२ साली झोन तीनमध्ये आला. (१९९३ साली तो सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता, आणि हा झोनच २००२ साली नकाशावरून काढून टाकला गेला.) झोन तीनमध्ये बुटक्या घरासाठी, कोणतीही सूट न घेता ढोबळ हिशेब केला तर वजनाच्या पाचव्या भागाइतका आडवा रेटा येतो. माळवदाला चार टन, हलक्या छताला चारशे किलो.

आता भिंतीकडे. वर सांगितलेल्या प्लायला कडेने दर १५ सेंटिमीटरवर एक साधा अडीच इंची खिळा ठोकला तर अमेरिकी मानकाप्रमाणे ती भिंत भूकंपात मीटरमागे सुमारे ३९० किलोचा आडवा रेटा घेऊ शकते असे धरायला परवानगी आहे. म्हणजे हलक्या छताला प्रत्येक दिशेने जेमतेम मीटरभर भिंत पुरते, आणि माळवदाला दहा मीटर लागते. दारे-खिडक्या सोडून एवढी सलग भिंत त्या खोलीत काढायची कुठून?

तोच प्लाय, तेच लाकूड ठेवून खिळे १५ऐवजी ५ सेंटिमीटरवर घेतले तर हीच भिंत मीटरमागे साडेनऊशे किलो घेते. म्हणजे ताकद लाकडात कमी आणि खिळ्यांत जास्त आहे. रेटा आला की प्लाय आणि चौकट एकमेकांवर थोडी सरकतात, मधला खिळा वाकतो, लाकडात आपली जागा थोडी मोठी करतो, पुन्हा उलट वाकतो. या वाकण्यात भूकंपाची ऊर्जा खर्च होते. दगडमातीच्या भिंतीत वाकणारे काहीच नसते, म्हणून ती एकदम सुटते. अर्थात खिळे फार जवळ घेतले की लाकूड फाटते, म्हणून पाच सेंटिमीटरच्या अंतराला दोन तक्त्यांच्या सांध्यावर जाड लाकूड आणि खिळे एकाआड एक सरकवून ठोकणे सक्तीचे आहे.

खिळ्यांनंतर कोपरा. तीन मीटर उंच भिंत मीटरमागे ३९० किलो घेत असेल तर तिचे टोक सुमारे ११७० किलोने वर उचलले जाते. गंमत अशी की भिंत एक मीटरची असो की चारची, मीटरमागचा रेटा तोच असेल तर हा आकडा बदलत नाही, तो फक्त रेटा गुणिले उंची इतका असतो. म्हणून टोकाच्या लाकडाला पायाशी जखडणारी पोलादी पट्टी, तिला होल्ड-डाउन म्हणतात, ती विसरलेली भिंत उभीच्या उभी उपटते. प्लाय फाटत नाही, खिळे वाकत नाहीत, सगळी भिंत आडवी होते.

किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ला, लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. किल्लारीपेक्षा मोठा, आणि तोही पहाटेच. मृत्यू साठच्या आसपास. वस्ती आणि परिस्थिती वेगळी, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून शेखी मिरवण्यात अर्थ नाही. पण त्या साठांपैकी सोळा जण एकाच तीन मजली लाकडी इमारतीत गेले. तळमजल्यावर गाड्या लावायला जागा हवी म्हणून भिंती कमी, आणि वरचे दोन मजले त्या मोकळ्या मजल्यावर बसले. लाकूड होते, नीट भिंती नव्हत्या. पुढच्या तपासात इतरत्र आणखी एक गोष्ट उघडी पडली: हवेच्या बंदुकीने ठोकलेले खिळे कितीतरी ठिकाणी प्लायच्या पृष्ठभागाच्या आत घुसलेले होते. प्लायची जाडी त्या ठिकाणी तेवढी कमी झाली आणि ताकदही.

त्यानंतर लाकडी घरांवर मोठे संशोधन झाले. २००९च्या जुलैत जपानमधल्या मिकी शहरातल्या प्रचंड कंपन-मंचावर सहा मजली लाकडी इमारत, खाली पोलादी मजला देऊन, खरोखर हलवून पाहिली गेली. या सगळ्यातून मानके बदलत गेली. वारा आणि भूकंपासाठी लाकडी रचनेचे अमेरिकी मानक, एसडीपीडब्ल्यूएस, २००५, २००८, २०१५ आणि २०२१ अशा आवृत्त्यांत निघाले. कॅनडाचे सीएसए ओ८६ वेगळे, त्याच्याही आवृत्त्या निघत असतात.

प्रत्येक भिंतीचा हिशेब हाताने करणे शक्य आहे, पण वेळखाऊ. एका दुमजली घरात वीस-पंचवीस भिंतींचे तुकडे असतात. वाऱ्याच्या चार दिशा, भूकंपाच्या दोन, छत लवचिक धरायचे की ताठ यावर रेट्याची वाटणी बदलते, आणि प्रत्येक तुकड्याची ताकद, टोकाचे उचलणे, वरचे सरकणे तपासावे लागते. यासाठी सॉफ्टवेअर असते. कॅनेडियन वूड कौन्सिलचे वूडवर्क्स हे त्यातले नावाजलेले. त्यातला शिअर वॉलचा भाग अमेरिकेसाठी वेगळा आणि कॅनडासाठी वेगळा मिळतो. आज लातूरच्या एखाद्या खोलीत बसून अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या घराचा हिशेब करायला काहीच अडचण नाही. तिथेच खरी मेख आहे.

२०१५च्या मानकात वर सांगितलेल्या भिंतीसाठी ताकदीच्या आकड्यांच्या तक्त्यात दोन आकडे होते. पौंड-फुटातून आपल्या मापात आणले तर भूकंपासाठी मीटरमागे ७७४ किलो, वाऱ्यासाठी १०८६. दोन्हींना २ने भागायचे. भूकंपात ३८७ मिळायचे, वाऱ्यात ५४३. २०२१मध्ये समितीने एक स्वच्छ प्रश्न विचारला असावा असे मला वाटते: भिंत तीच, खिळे तेच, मग तिची मूळ ताकद दोन कशा? रेटा वाऱ्याचा आहे की जमिनीचा हे भिंतीला काय कळते? फरक ताकदीत नाही, आपण किती राखीव ठेवतो त्यात आहे. म्हणून नव्या तक्त्यात एकच आकडा उरला, १०८६. भागाकार मात्र दोन झाले: वाऱ्यासाठी २, भूकंपासाठी २.८.

करून पाहा. १०८६ भागिले २.८ म्हणजे ३८८. १०८६ भागिले २ म्हणजे ५४३. उत्तरे जशीच्या तशी आहेत. या हिशेबात काहीही बदललेले नाही, फक्त राखीव हिस्सा तक्त्यातून भागाकारात गेला.

आता समजा कोणी नवा तक्ता आपल्या जुन्या एक्सेलमध्ये उतरवला आणि भागाकार तसाच २ राहिला. भूकंपासाठी ३८८ऐवजी ५४३. चाळीस टक्के ताकद कागदावर फुकट मिळाली. खिळे १५ सेंटिमीटरवर पुरतात असे उत्तर येईल, आणि ते चुकीचे असल्याची एकही खूण पडद्यावर दिसणार नाही. आकडा अगदी शक्य कोटीतला दिसतो, कारण तो वाऱ्यासाठी खराच आहे. सॉफ्टवेअरच्या अपडेटकडे आपण फोनच्या सवयीने बघतो, ‘नंतर आठवण करा’ दाबून पुढे जातो. इथे अपडेट म्हणजे तक्ता, भागाकार आणि त्यांच्याशी जोडलेली सगळी कलमे एकत्र बदलणे. जुने पूर्ण वापरले तरी चालेल, नवे पूर्ण वापरले तरी चालेल. अर्धे जुने-अर्धे नवे सर्वांत वाईट.

अरुंद भिंतींचेही असेच. उंची रुंदीच्या साडेतीनपटीहून जास्त असेल तर ती भिंत हिशेबात धरायचीच नाही. तीन मीटर उंचीला ८६ सेंटिमीटरपेक्षा अरुंद तुकडा म्हणजे शून्य. ९० सेंटिमीटरचा तुकडा चालतो, पण ताकदीला सुमारे ०.८३ने गुणून. दुपटीच्या पुढच्या तुकड्यांना कपात कशी लावायची याचे नियम आवृत्तीगणिक बदलले आहेत. म्हणून जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडली की काल पास झालेली भिंत आज नापास दाखवू शकते, किंवा उलट. लाकूड हलक्या जातीचे असेल तर वेगळी कपात: स्प्रूस-पाइन-फर या गटातल्या लाकडाला ०.९२ने गुणायचे. हे सारे सॉफ्टवेअर आपोआप करते, फक्त आवृत्ती आणि लाकडाची जात बरोबर निवडलेली असावी लागते. खिळा प्लायमध्ये किती घुसला हे मात्र त्याला कधीच कळत नाही.

मग हेच सॉफ्टवेअर घेऊन उमरग्याला किंवा औशाला लाकडी घर का बांधू नये? बांधता येईल, पण फाइलमध्ये गावाचे नाव बदलून भागत नाही. आपल्याकडे लाकडी रचनेसाठी आयएस ८८३ आहे, आणि भूकंपातल्या लाकडी बांधकामासाठी आयएस ४३२६. त्यात लाकडांची मापे आणि तिरके आधार सांगितले आहेत, आणि मजले दोन, फार तर वर पोटमाळा. अमेरिकी पद्धतीत खिळ्यांच्या भिंतीला भूकंपाचा रेटा ६.५ने भागण्याची मोठी सूट मिळते, कारण खिळे वाकून ऊर्जा खातात हे तिथल्या लाकडावर, तिथल्या खिळ्यांवर, तिथल्या प्लायवर तपासलेले आहे. ती सूट तिथल्या रेट्याशी आणि तिथल्या भागाकाराशी बांधलेली आहे. रेटा आयएस १८९३चा, सूट अमेरिकेची, प्लाय परभणीच्या दुकानातला आणि चौकट बाभळीची, अशी मिसळ कोणत्याही आवृत्तीत पास दाखवली तरी तिच्यावर सही करणाऱ्या अभियंत्याने आधी चार भिंती बांधून प्रयोगशाळेत ढकलून पाहिलेल्या असाव्यात.