पडदा पडला तेव्हा उतारा कुणाच्या नावावर होता?

खानापूर तालुक्यातल्या एका गावी यात्रेचं नाटक बघत होतो. पहिल्या अंकात थोरला दीर विधवा भावजयीचं शेत लाटतो. शेवटच्या अंकात पेटलेल्या घरातून तिच्या पोराला बाहेर काढतो आणि भाजून मरतो. भावजय रडते, माफ करते, पडदा. शेजारचे काका म्हणाले, “काय प्रायश्चित्त घेतलं की ओ!”

नाही हो काका. तो उद्धार. कादंबरी असो, मालिका असो, खलनायक शेवटी बरा वागला की सगळे त्याला ‘प्रायश्चित्त’ म्हणून मोकळे होतात. तेही एका ‘त’चं, ‘प्रायश्चित’ असं लिहून.

पश्चात्ताप वेगळा, तो मनातल्या मनात. त्याबद्दल फारसा गोंधळ नाही. उरलेल्या दोघांचं मराठी क्रियापदच सांगतं: उद्धार होतो, प्रायश्चित्त घ्यावं लागतं. अहिल्येचा उद्धार रामाच्या पायाने झाला. भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ मरताना धाकट्या पोराला ‘नारायण’ म्हणून हाक मारतो आणि तेवढ्यावर यमदूतांच्या हातून सुटतो. आधी सुटका, मग लाज वाटून गंगाद्वारी साधनेला जातो. त्याच स्कंधाच्या सुरुवातीला परीक्षित विचारतो, प्रायश्चित्त घेऊन माणूस पुन्हा तेच करत असेल तर ते हत्तीच्या आंघोळीसारखं नाही का? हत्ती न्हातो आणि लगेच अंगावर धूळ उडवतो.

आता खरी मेख. शास्त्रात प्रायः म्हणजे तप, चित्त म्हणजे निश्चय. तिथे मुख्य भर पापी शुद्ध होण्यावर. वाल्या अंगावर वारूळ चढेपर्यंत बसला, वाल्मीकी झाला. ज्यांना लुटलं त्यांच्या घरी काय पोचलं, हे ती गोष्ट विचारत नाही. आजच्या कथेत मात्र वाचक तेच विचारतो. प्रायश्चित्त ज्याचं नुकसान केलं त्याच्याच दारात, आणि जे नुकसान केलं तेच भरून द्यावं लागतं. पोर वाचवणं थोर खरं, पण लाटलं होतं शेत. दीर मेला तेव्हाही उतारा त्याच्याच नावावर होता! १९८३च्या ‘रिटर्न ऑफ द जेडी’ या इंग्रजी सिनेमात खलनायक डार्थ वेडरही शेवटी पोटच्या पोराला वाचवून मरतो. बाकी ज्यांचं वाटोळं केलं त्यांचं काय? मरण ही लेखकाची पळवाट आहे, मला ती मुळीच आवडत नाही. मेलेल्याला हिशेब द्यावा लागत नाही.

आणि माफी? ती उद्धाराच्या गोष्टीत शोभते. प्रायश्चित्त माफी न मिळताही पुरं होतं.

नाटक संपल्यावर दिग्दर्शकाला गाठून म्हटलं, दिराला जगू दे. सब-रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन त्याने शेत तिच्या नावावर करावं, कागद घेऊन दारात यावं. तिने कागद घ्यावा, वाचावा, घडी घालून तांदळाच्या डब्यात ठेवावा. चहा विचारू नये. दार लावून घ्यावं.

त्याने डोकं खाजवलं. “मग लोक टाळ्या कवा वाजवायच्या, मास्तर?”